गाळ कोणाच्या खाती मांडायचा?

नांदूर-मध्यमेश्वर हे नाव महाराष्ट्रातील वृत्तपत्रवाचकाला वर्षातून दोनदा भेटते. जुलै-ऑगस्टमध्ये ते पुराच्या बातमीत असते. बंधाऱ्यातून अमुक हजार क्युसेक पाणी सोडले, ते जायकवाडीकडे निघाले, एवढा मजकूर वाचून मराठवाड्यातला शेतकरी समाधान पावतो आणि निफाडमधला नदीकाठचा दुकानदार दुकानातील माल माळ्यावर चढवू लागतो. डिसेंबर-जानेवारीत तेच नाव रविवारच्या अंकात रोहित पक्ष्यांच्या किंवा क्रौंचांच्या छायाचित्राखाली दिसते. दोन्ही बातम्या एकाच जागेविषयी आहेत हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही, कारण पहिली बातमी पाटबंधारे खात्याकडून येते व दुसरी वनखात्याकडून. पाणी एका खात्याचे आणि त्या पाण्यावर उतरणारे पक्षी दुसऱ्या खात्याचे, अशी ही विभागणी आहे. कागदावर ती सोयीची दिसत असली तरी पक्ष्यांना ती ठाऊक नाही.

निफाडची थंडी प्रसिद्ध आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरील पारा एखाद्या वर्षी पाच अंशांच्याही खाली उतरतो आणि त्या रात्री द्राक्षबागायतदार, मणी तडकू नयेत म्हणून, बागांतून शेकोट्या पेटवून जागत बसतात. अशा पहाटे चापडगावच्या बाजूने पाण्याकडे निघालेल्या माणसाला प्रथम या शेकोट्यांचा धूर लागतो, मग धुके, आणि मग पाणी. बागायतदाराची झोप उडवणाऱ्या या थंडीलाच पक्षी भुलून येतात अशी एक समजूत आहे; ती खरी नाही. मध्य आशियातील व सैबेरियातील तळी गोठली की त्यांचे अन्न बर्फाखाली जाते. हे पक्षी थंडीपासून पळून येतात. तेथील हिवाळा अनुभवलेल्या बदकाला निफाडची पहाट उबदारच वाटत असली पाहिजे.

धुके विरळ होऊ लागले की काठाच्या चिखलात तुतवारांची लगबग दिसते. त्यांच्यापुढे वीतभर पाण्यात लांब गुलाबी पायांचे शेकाटे. त्याही पुढे, जेथे मान बुडवली की तळ लागतो अशा पाण्यात, थापट्या आपली फावड्यासारखी चोच डावी-उजवीकडे फिरवीत असतो आणि तलवार बदक शेपटीचे टोक आकाशाकडे करून उलटे झालेले असते. चोचीच्या टोकाला पिवळा आणि मुळाशी तांबडा ठिपका मिरवणारे हळदीकुंकू बदक हे येथलेच, बारमाही. ज्याने हे नाव ठेवले त्याला भाषाही येत होती आणि पक्षीही ओळखता येत होता. मारुती चितमपल्ली यांनी ‘पक्षिकोशा’त अशी नावे जमवून ठेवली नसती, तर आज ती शोधायला खेड्याखेड्यांतील म्हाताऱ्यांकडे जावे लागले असते. आणखी आत, खोल पाण्यात, काळा देह आणि कपाळावर पांढरा टिळा असलेला वारकरी बुड्या मारीत असतो. पाणकणसाच्या बेटांत जांभळी पाणकोंबडी, निष्पर्ण फांद्यांवर चित्रबलाक. मध्येच दलदली भोवत्या नावाचा शिकारी पक्षी पाण्यावरून संथपणे घिरटी घालून जातो आणि सारे पाणी एकदम पंख फडफडवून वर उठल्यासारखे होते.

दुर्बिणीतून पाहणाऱ्याला हा सोहळा वाटतो, आणि तो आहेच. पण थोडा वेळ नीट पाहिले की ध्यानात येते, या पक्ष्यांची मांडणी म्हणजे पाण्याची खोली दाखवणारी पट्टीच आहे. प्रत्येकाची चोच, मान आणि पाय यांच्या लांबीनुसार त्याची जागा ठरलेली. तुतवाराला चार बोटे पाणीही जास्त होते. थापट्याला हातभर खोली गैरसोयीची. वारकऱ्याला उथळ पाणी निरुपयोगी. पाण्याची पातळी एका फुटाने वर चढली तर काठाचा चिखल बुडून पंक्तीतील निम्मे पाहुणे उठून जातात. एका फुटाने उतरली तर चिखल वाळून कडक होतो आणि दुसरे निम्मे उठतात. तेव्हा येथे किती पक्षी येतील हे जितके मध्य आशियात ठरते, तितकेच ते बंधाऱ्याच्या दरवाज्यावर ठरते.

बंधारा, गाळ आणि घसारा

गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ हा बंधारा विसाव्या शतकाच्या आरंभी बांधला गेला, तो पक्ष्यांसाठी नव्हे. पर्जन्यछायेतील दुष्काळी पट्ट्याला पाणी द्यावे, यासाठी त्याची योजना होती. येथून निघणाऱ्या डाव्या व उजव्या कालव्यांनी पुढे कोपरगाव-राहाता भागाचा कायापालट केला, ऊस आला, कारखाने आले. मोठी साठवण वर दारणा-गंगापूरला. येथे आलेले पाणी अडवून कालव्यात वळवायचे, एवढेच या ठेंगण्या बंधाऱ्याचे काम. या कामाच्या स्वरूपातच पुढील सारी गंमत आहे. मोठ्या धरणात पाणी पावसाळ्यात चढते आणि उन्हाळ्यापर्यंत उतरत जाते. वळवणीच्या बंधाऱ्यात मात्र कालव्याला पाणी मिळावे म्हणून पातळी बराच काळ जवळपास एकसारखी राखावी लागते. अशा स्थिर, उथळ पाण्यात शतकभर गोदावरीचा गाळ साचत गेला. बेटे झाली, बेटांवर पाणकणीस व लव्हाळी उगवली, बाभळी वाढल्या, शंखशिंपले आणि किडे वाढले. पाणथळ म्हणतात ती ही.

पाटबंधाऱ्याच्या हिशेबात गाळ म्हणजे घसारा. जितका गाळ साचला तितकी साठवणक्षमता गेली, म्हणजे तितके भांडवल झिजले. हा हिशेब चुकीचा नाही. पण त्याच गाळावर दुसऱ्या बाजूस एक मत्ता उभी राहिली, आणि ती कोणत्याच खातेवहीत जमा धरलेली नाही. १९८६ साली सुमारे १०० चौरस किलोमीटरचा परिसर अभयारण्य म्हणून घोषित झाला. पुढे येथील १,४३७ हेक्टर क्षेत्राला रामसर कराराखाली आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा मिळाला. जानेवारी २०२० मध्ये ही बातमी जाहीर झाली तेव्हा महाराष्ट्रातील ते पहिलेच रामसर स्थळ ठरले. त्यानंतर २०२० सालीच लोणार आणि २०२२ मध्ये ठाणे खाडी या यादीत आली. देशातील अशा स्थळांची संख्या आता नव्वदच्या पुढे गेली आहे. म्हणजे शंभर वर्षे जो गाळ तोट्याच्या बाजूस लिहिला जात होता, त्याचाच गौरव इराणातील एका शहराच्या नावाने झालेल्या करारानुसार जगाच्या यादीत झाला. तथापि पाटबंधाऱ्याच्या वहीत तो अजून तोट्याच्याच बाजूस आहे.

आणि त्या वहीलाही स्वतःचे म्हणणे आहे. २०१६ आणि २०१९ च्या पुरांत चांदोरी-सायखेड्यात पाणी शिरले तेव्हा तेथील लोकांनी बंधाऱ्यातील गाळाकडे बोट दाखविले. गाळामुळे पात्र उथळ झाले, म्हणून फुगवटा मागे येतो व गाव बुडते, हे त्यांचे म्हणणे केवळ तक्रारखोरपणा म्हणून उडवून लावता येण्यासारखे नाही. ज्याच्या घरात कमरेएवढे पाणी शिरले, त्याला तुतवाराच्या चार बोटे चिखलाचे महत्त्व पटवून देणे हा क्रूर विनोद ठरेल. दुसऱ्या बाजूस २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही राज्याची योजना आहे; धरणातील सुपीक गाळ शेतात जावा, हा तिचा हेतू चांगलाच आहे. अशा रीतीने एकाच गाळाला तीन दावेदार झाले. पूरग्रस्ताला तो नको आहे, शेतकऱ्याला तो आपल्या शेतात हवा आहे आणि पक्ष्याला तो आहे तेथेच हवा आहे.

या तिघांत तडजोड अशक्य नाही, मात्र ती तपशिलात शिरल्याशिवाय होत नाही. नदीचा मुख्य प्रवाह वाहता ठेवण्यापुरता मधला गाळ काढणे आणि काठची उथळ पाणथळ अबाधित ठेवणे, या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात. त्यासाठी कोठला गाळ किती काढायचा, कोणत्या महिन्यात काढायचा, यंत्रे कोणत्या वाटेने न्यायची, हे दोन खात्यांनी एकत्र बसून ठरवावे लागेल. ‘गाळ काढा’ आणि ‘गाळाला हात लावू नका’ या दोन घोषणा मात्र सोप्या आहेत, म्हणून त्याच अधिक ऐकू येतात.

वरचे आणि खालचे

गाळाचा प्रश्न स्थानिक आहे. पाण्याचा प्रश्न साऱ्या खोऱ्याचा आहे. नाशिक-अहिल्यानगर विरुद्ध मराठवाडा हा वाद वाचकांना परिचित आहे. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या २००५ च्या कायद्याने खोऱ्यातील तुटीची समन्यायी वाटणी करण्याचे तत्त्व घालून दिले; मेंढेगिरी समितीने २०१३ मध्ये त्याचे कोष्टक तयार केले; आणि १९ सप्टेंबर २०१४ च्या प्राधिकरणाच्या आदेशाने, १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा साठा ६५ टक्क्यांहून कमी असेल तर वरच्या धरणांनी पाणी सोडावे, असे ठरले. पुढे या कोष्टकाच्या फेरविचारासाठी नवी समितीही नेमली गेली. २०१५, २०१८ आणि २०२३ या तुटीच्या वर्षांत पाणी सोडण्याचे आदेश निघाले. २०२३ मध्ये हा आकडा सुमारे ८.६ टीएमसी होता. प्रत्येक वेळी मोर्चे निघाले, न्यायालयाच्या पायऱ्या चढल्या गेल्या, नदीकाठची वीज तोडावी लागली की नाही यावर वर्तमानपत्रांचे रकाने भरले.

गंगापूर-दारणेतून सोडलेले हे पाणी ज्या वाटेने जायकवाडीला जाते, तिच्यावरच नांदूर-मध्यमेश्वर आहे. आदेश ऑक्टोबरच्या अखेरीस निघतो, पाणी नोव्हेंबरात वाहते, आणि पाहुणे पक्षी उतरतात तेही याच सुमारास. मोठा प्रवाह आला की काठचा चिखल बुडतो. प्रवाह थांबून दरवाजे बंद झाले की पातळी पुन्हा बदलते. त्यानंतर रब्बीची आवर्तने सुरू होतात. या चढउतारात पाणथळीसाठी काय पातळी राखायची, हे कोणत्या कागदावर लिहिलेले असते? वनखात्याकडे निरीक्षण मनोरे आहेत, निर्वचन केंद्र आहे, जानेवारीतील गणतीचे तक्ते आहेत. दरवाज्याची किल्ली नाही. २०१२ च्या राष्ट्रीय जलनीतीत नदीच्या प्रवाहाचा काही भाग पर्यावरणाच्या गरजांसाठी राखून ठेवावा, असे एक वाक्य आहे. राष्ट्रीय नीतीतील वाक्ये आणि बंधाऱ्यावरील दरवाजे यांच्यातील अंतर आपल्याकडे बरेच मोठे असते.

येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. जायकवाडीला पाणी गेले म्हणजे पक्ष्यांचे नुकसानच झाले, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. जायकवाडीचा नाथसागर हाही १९८६ पासून पक्षी अभयारण्यच आहे, आणि क्षेत्राने कितीतरी मोठा. तेव्हा हे पाणी एका अभयारण्यातून दुसऱ्या अभयारण्यात जाते. समन्यायी वाटपाचा आदेश चुकीचा, असे म्हणण्यासाठी पक्ष्यांना साक्षीस बोलावण्याचा मोह नाशिक-नगरच्या काही पुढाऱ्यांना झाला, तर तो वेळीच आवरला पाहिजे. मराठवाड्याच्या तहानेपुढे बदकांची ढाल करणे अशोभनीय आहे. मुद्दा पाणी सोडायचे की नाही, हा नाहीच. ते कोणत्या वेगाने सोडायचे आणि सोडून झाल्यावर बंधाऱ्यात किती राखायचे, हा आहे. आणि त्याला पाणी फारसे लागत नाही, फक्त वेळापत्रक लागते.

आणखी एक पाणी येथे येते, त्याची मात्र कोणी मागणी केलेली नाही. नाशिक शहराचे सांडपाणी गोदावरीतून खाली येते, त्याबरोबर नत्र व स्फुरद येते. द्राक्ष आणि उसाच्या शेतांतून निचरा होणाऱ्या खतांची त्यात भर पडते. या खाद्यावर पाणवेली माजते. तिच्या गालिच्याखाली पाण्यातील प्राणवायू घटतो. कमळपक्षी आणि पाणकोंबडी यांना ती चालते, पण पोहणाऱ्या बदकाला उतरायला जागा उरत नाही. दर बारा वर्षांनी सिंहस्थाच्या निमित्ताने गोदाशुद्धीची चर्चा रामकुंडाभोवती रंगते. रामकुंडाखाली काही कोसांवर तीच गोदावरी एका जागतिक पाणथळीत शिरते, हे त्या चर्चेत कोणी काढत नाही. शुद्धीकरणाचा खर्च नाशिकने वाचवला, आणि तो खर्च पाणवेलीच्या रूपाने निफाडच्या मच्छीमाराने व वनखात्याने भरला. अर्थशास्त्राच्या पुस्तकात याला बाह्य परिव्यय म्हणतात. गावच्या भाषेत, खाणारा एक आणि बिल भरणारा दुसरा.

भरतपूरचा धडा

नांदूर-मध्यमेश्वरला ‘महाराष्ट्राचे भरतपूर’ असे कौतुकाने म्हटले जाते. कौतुक ठीक आहे. पण भरतपूरचे काय झाले, हेही पाहावे. राजस्थानातील केवलादेव घना हेही मुळात मानवनिर्मित पाणी. अठराव्या शतकात महाराजा सूरजमल याने बांधलेल्या अजान बांधापासून त्याची कथा सुरू होते. पुढे संस्थानिकांनी शिकारीसाठी ते राखले. १९३८ साली व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्यासाठी आयोजित केलेल्या एका दिवसाच्या शिकारीत ४,२७३ पक्षी पडले, तो आकडा तेथील शिलालेखावर आजही कोरलेला आहे. १९८१ मध्ये ते रामसर यादीत आले, नंतर राष्ट्रीय उद्यान झाले, १९८५ मध्ये जागतिक वारसा ठरले. यादी आणि बिरुदे यांत काही उणे नव्हते.

१९८२ च्या नोव्हेंबरात तेथे म्हशींच्या चराईवर संपूर्ण बंदी आली. आजूबाजूच्या गावांनी विरोध केला, पोलिसांनी गोळीबार केला, गावकरी मेले. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा दीर्घकालीन अभ्यास याच दशकात सुरू होता. त्याचा निष्कर्ष बंदीच्या पुरस्कर्त्यांना अनपेक्षित होता. म्हशी जे पाणगवत खात असत ते आता मोकाट वाढले, त्याने उथळ पाणी व्यापले, आणि पक्ष्यांना लागणारी मोकळी जागा आकसली. ज्यांना शत्रू म्हणून हाकलले त्या म्हशी अप्रत्यक्षपणे बदकांचीच चाकरी करीत होत्या. माणसे मारून मिळविलेली बंदी पक्ष्यांच्याही उपयोगी पडली नाही, हा भारतीय वन्यजीवनीतीच्या इतिहासातील फार कडू प्रसंग आहे.

मग पाण्याचा प्रश्न आला. भरतपूरला पाणी येई गंभीर नदीतून. तिच्यावर वर करौली जिल्ह्यात पांचना धरण झाले, आणि तेथील शेतकऱ्यांनी पक्ष्यांसाठी पाणी सोडण्यास विरोध केला. तो विरोध त्यांच्या बाजूने पाहिला तर समजण्यासारखा होता. धरण त्यांच्या शेतीसाठी होते. या शतकाच्या पहिल्या दशकात अशी वर्षे आली की जागतिक वारशाच्या तळ्यांत गुरे चरावीत इतका कोरडेपणा आला. वर्षाला सुमारे ५५ कोटी घनफूट पाण्याची त्या उद्यानाची गरज सांगितली जाते. एखाद्या मध्यम धरणाच्या मानाने ती मोठी नाही. अखेरीस गोवर्धन नाल्याचे पाणी वळविण्याची आणि चंबळचे पाणी नळाने आणण्याची व्यवस्था करावी लागली. जे पाणी नदी फुकट आणून देत होती, ते आता पंपाने, विजेचे बिल भरून येते. सैबेरियन क्रौंच तेथे अखेरचा दिसला २००१-०२ च्या हिवाळ्यात. त्याच्या नाहीसे होण्याचे खापर सर्वस्वी भरतपूरवर फोडता येणार नाही, वाटेवरील देशांत त्याची शिकारही झाली. पण आज उद्या तो परत यायचे म्हणाला, तर त्याच्यासाठी पाणी कोणाच्या मंजुरीने सोडायचे, हा प्रश्न तेथे उरतोच.

भरतपूरला हा धडा महागात पडला, कारण तेथे पाण्याचा हक्क कागदावर नोंदवलेला नव्हता. नदी वाहत होती तोवर त्याची गरजही भासली नव्हती. नांदूर-मध्यमेश्वरची स्थिती याहून वेगळी नाही. वरच्या नाशिक शहराची तहान वर्षागणिक वाढते आहे, उद्योगांची मागणी वाढते आहे. उरलेल्या पाण्यावर जगणाऱ्याचे हाल पाणी उरेनासे झाल्यावर कळतात.

कायद्याने वगळलेले पाणी

नांदूर-मध्यमेश्वरच्या पाठीशी निदान अभयारण्याचा कायदा आणि रामसरचे नाव आहे. महाराष्ट्रातील इतर शेकडो जलाशयांच्या पाठीशी तेही नाही. केंद्र सरकारच्या २०१७ च्या पाणथळ संवर्धन नियमांत पाणथळीची व्याख्या करताना नदीपात्रे, भातखाचरे आणि पिण्याच्या पाण्यासाठी वा सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले जलाशय वगळण्यात आले आहेत. २०११ च्या राष्ट्रीय नकाशासंग्रहात २.२५ हेक्टरांहून मोठ्या २,०१,५०३ पाणथळी नोंदल्या गेल्या आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या रक्षणाचे आदेश दिले, हे खरे. पण दख्खनच्या पठारावर नैसर्गिक सरोवरे बोटांवर मोजण्याइतकी. येथे पाणी म्हणजे माणसाने अडवलेले पाणी. सिंचनाचे पाणी व्याख्येतून काढले की महाराष्ट्रातील पाणपक्ष्यांचे बहुतेक घरच व्याख्येबाहेर जाते. नांदूर-मध्यमेश्वरचा बंधारा जर आज बांधला गेला असता आणि शंभर वर्षांनी त्यात अशीच पाणथळ तयार झाली असती, तर केवळ या नियमांच्या आधारे तिला पाणथळ म्हणणेही अवघड गेले असते. कायदा करणाऱ्यांनी हिमालयातील तळी डोळ्यांसमोर ठेवली असावीत.

उजनीचे उदाहरण बोलके आहे. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या या धरणाच्या फुगवट्यात भिगवणजवळ दर हिवाळ्यात-उन्हाळ्यात रोहित उतरतात. ते अभयारण्य नाही. तेथील मच्छीमारांनी आपल्या होड्यांतून पर्यटकांना पक्षी दाखवायला सुरुवात केली, त्यातून कुंभारगाव, डिकसळसारख्या गावांत हंगामी उत्पन्न आले. कोणत्याही योजनेशिवाय आलेले हे उत्पन्न आहे आणि म्हणून त्याचे मोल मोठे आहे. पण पाणी उतरून चिखल उघडा पडला तरच रोहित येतात. धरण तुडुंब राहिले तर त्यांचा हंगाम लांबतो. सोलापूरच्या कालव्याचे आवर्तन आणि भिगवणच्या होडीवाल्याची कमाई यांचा संबंध आहे, हे आवर्तन ठरवणाऱ्याला ठाऊक असण्याचे कारण नाही, कारण कोणी त्याला ते सांगितलेले नाही.

निफाडात या उत्पन्नाची वाटणी अधिक विषम आहे. अभयारण्याच्या हद्दीत गावे आहेत, शेते आहेत, बांधकामापासून वाळूपर्यंत निर्बंध आहेत. करकऱ्यांचा थवा हरभऱ्यात उतरला तर शेतकऱ्याची घेतलेली मेहनत घटकाभरात जाते. रात्री शेकोटी, दिवसा राखण. मुंबई-पुण्याहून आलेला पाहुणा सकाळी तिकिटाचे थोडके पैसे भरून दुपारी परततो. चार-सहा तरुणांना वाटाड्याचे काम मिळते ते चांगलेच आहे, भरतपूरलाही सायकलरिक्षा चालवणारे उत्तम पक्षितज्ज्ञ झाले आहेत; पण वाटाड्या होणारा तरुण आणि हरभरा गमावणारा शेतकरी एकाच घरातले नसतात. प्रवेशशुल्काचा ठरावीक हिस्सा काठच्या ग्रामपंचायतींना, आणि पक्ष्यांमुळे झालेल्या पीकहानीचा त्वरित पंचनामा, या दोन गोष्टी झाल्या तरी काठावरचा माणूस दुर्बिणीकडे आजच्याहून कमी संशयाने पाहील.

पातळीचे काय, हा प्रश्न उरतो. प्रत्येक प्रकल्पाची पाण्याची आवर्तने कालवा सल्लागार समितीत ठरतात. पालकमंत्री अध्यक्षस्थानी असतात, आमदार भांडतात, पिण्याचे पाणी, ऊस, रब्बी यांचा हिशेब होतो. त्या बैठकीत वनखात्याच्या अधिकाऱ्याला बोलवावे, आणि नोव्हेंबर ते मार्च या काळात बंधाऱ्यातील पातळी कोणत्या दोन खुणांच्या दरम्यान राखायची हे त्याने लेखी मांडावे. आवर्तनात वा जायकवाडीच्या विसर्गात ती खूण ओलांडावी लागली तर किती दिवस, हेही तेथेच ठरावे. १५ ऑक्टोबरला ज्या कोष्टकावर खोऱ्याचे भांडण उभे राहते, त्यात धरणसमूहांचे साठे आहेत, पिण्याच्या व शेतीच्या गरजा आहेत. पाणथळीचा रकाना नाही. तो वाढवण्यास नवा कायदा लागत नाही. बैठकीच्या टिपणात एक ओळ लागते, आणि ती लिहिणाऱ्या अभियंत्याने जानेवारीतील एका सकाळी बंधाऱ्यावरून उतरून चापडगावपर्यंत पायी जावे लागते.